मालक तीनदा थांबा म्हणाले

३ फेब्रुवारी

सौ. हिस,

तू फोन उचलतेस, ‘हं’ म्हणतेस आणि लगेच तुझ्या ताईंच्या हातात देतेस. मग ताई मला पोट साफ होण्याची औषधं सांगतात. म्हणून पत्र लिहितो आहे. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा चुकलेलं असेल ते सुधारून वाच.

घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा थांबला. मी काहीच केलं नाही, आपोआप थांबला, म्हणून जास्त काळजी वाटते. ते पाणी आता कुठं जात असेल? खालच्या शिंप्याला विचारलं, त्याच्या छताला ओल नाही. आज पुन्हा विचारायला गेलो तर त्यानं मला बघून दार लावून घेतलं.

निघताना तू दारात म्हणालीस, ‘चाळीस वर्षं कारखान्यातल्या एकेका शिडीची काळजी माझ्या डोक्याशी केलीत, आणि नोकरी सोडताना मला एका शब्दानं विचारलं नाहीत.’ तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण तुझ्या बॅगेची चेन अडकली होती आणि मी ती ओढत होतो. आता देतो. मी विचार करून निघालो. निवृत्तीला दोन वर्षं होती हे मलाही कळतं. पण माणसाला कधीतरी उठावं लागतं. मला कुणी काही म्हणालं नाही. उलट मालक तीनदा थांबा म्हणाले, अख्ख्या कारखान्यासमोर. वार्निशवाला साक्षीला आहे. त्यानं तर बाकावर हातोडी आपटून इतका गजर केला की माझ्या कानात अजून घुमतं.

पैशांची चिंता करू नकोस. ती मी करतो आहे. बेरोजगार भत्त्याचा अर्ज दिला. इतकी वर्षं पगारातून त्याचा हप्ता कापला जात होता, त्यामुळे मी बसतो त्यात, असं भत्ता कार्यालयाच्या खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं. सगळे प्रश्न खरेपणानं भरले. भत्ता सुरू झाला की भाडं निघेल. नाहीच झाला तर या दोन खोल्या सोडून मुलाकडे जावं लागेल, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून उभी राहणार नाही असं तू आधीच बजावून ठेवलं आहेस. पण होईल. मी अर्जाच्या शेवटी ‘आभारी आहे’ असंही लिहिलं.

माझे गुडघे उत्तम आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवतो.

तुझी वाट पाहणारा (आणि नळाकडे पाहणारा)

१९ फेब्रुवारी

अगं,

भत्ता आला नाही. पण तू हे वाक्य वाचून पत्र खाली ठेवू नकोस, कारण पुढं गंमत आहे.

मी सकाळी कार्यालयात गेलो. चाळीस वर्षांत सकाळी दहाचा रस्ता मी पाहिलाच नव्हता. अगं, केवढं ऊन असतं! लोक खिडक्यांतून गाद्या झटकत असतात. एक म्हातारा कुत्र्याशी वाद घालत होता आणि हरत होता. मी दहा मिनिटं उभा राहून पाहिलं. मग आठवलं की मी बेकार आहे, पण ऊन तसंच होतं.

कार्यालयात रांग जिन्यापर्यंत. माझ्यापुढं एक वेटर होता, त्याचं हॉटेल बंद पडलं. मागं एक क्रेन चालवणारी बाई, हाताचा पंजा माझ्या दोन पंजांएवढा. दोघांची ओळख झाली, कारण मी दोघांनाही चारदा विचारलं की ही रांग नक्की हीच का.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, ‘काका, तुमच्या अर्जाची तपासणी चालू आहे.’

‘कसली तपासणी?’

‘कारणाची.’

‘कारण खरं आहे.’

‘तेच तर अवघड आहे, काका.’

मी बाजूला आलो तर वेटर म्हणाला, ‘काका, काय लिहिलंत कारणात?’

‘जे झालं तेच. लिहिलं, मी स्वतः होऊन निघालो. मालक तीनदा थांबा म्हणाले तरी थांबलो नाही.’

वेटरनं माझ्याकडे पाहिलं. मग क्रेनबाईकडे पाहिलं. मग तो जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसला आणि असा हसायला लागला की रांग वळून बघू लागली. क्रेनबाई त्याला म्हणाली, ‘गप रे, वडीलधारं माणूस आहे,’ आणि स्वतःच फस्सकन हसली.

‘अहो काका,’ ती डोळे पुसत म्हणाली, ‘भत्ता ज्याचं काम जातं त्याला असतो. जो काम टाकून जातो त्याला नसतो. तुम्ही तर लिहून दिलंत की मालक पाया पडत होता आणि तुम्ही ऐटीत चालू लागलात.’

‘पाया नाही पडले. टोपी काढली.’

त्यावर वेटर पुन्हा बसला.

मलाही हसू आलं गं. कधी आलं ते कळलंच नाही. घरी येईपर्यंत हसत होतो आणि घरी आल्यावर कुलूप काढताना घाबरलो. कारण क्रेनबाई म्हणाली ते खरं आहे.

२ मार्च

सौ. हिस,

कार्यालयाचं पत्र आलं. ‘स्वेच्छेने नोकरी सोडल्यामुळे अपात्र.’ मी ते दिव्याखाली धरून, उलटं करून, सगळं पाहिलं. दुसरं काही लिहिलेलं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी आमच्यातला कुणी घरी सांगत नाही. वार्निशवाल्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

आमच्या कारखान्यात आजपर्यंत मालकांनी कुणाला जा म्हटलेलं नाही. थोरल्या मालकांपासून तशी रीत आहे. एखाद्याचं काम संपलं की मालक चहाच्या सुट्टीत स्वतः दोन कप घेऊन त्याच्या बाकाशी येतात. एरवी मालक कधी कप उचलत नाहीत, म्हणून कप दिसले की सगळ्यांना कळतं. मग ते त्याच्या कामाचं जे अंग असेल त्याची चौकशी करतात. वार्निशवाल्याला विचारतील, डोळे कसे आहेत. करवतीवरच्याला विचारतील, खांदा कसा आहे. मी प्रत्येक शिडीच्या प्रत्येक पायरीवर उड्या मारून ती तपासणारा माणूस. मला विचारलं, ‘गुडघे कसे आहेत?’

ते विचारलं की आपण म्हणायचं, ‘मालक, आता पुरे. मी निघतो.’ ते म्हणतात, ‘अहो, थांबा.’ आपण म्हणायचं, ‘नको.’ असं तीनदा. तिसऱ्यांदा मालक टोपी काढतात. मग सगळे बाक वाजवतात आणि माणूस ताठ मानेनं फाटकाबाहेर जातो. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचं, मीच निघालो. घरी विचारलं तरी तेच.

फार चांगली रीत आहे गं. मी स्वतः कितीतरी जणांसाठी बाक वाजवला आहे. कुणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. फक्त थोरल्या मालकांच्या वेळी हा भत्ता नव्हता, त्यामुळे खिडकीवर काय सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं नाही.

तू म्हणशील, मग जा आणि त्या मुलीला खरं सांगा. गेलो होतो. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, ‘मालकांचा स्वभाव फार चांगला आहे.’ ती म्हणाली, ‘काका, फेरविचाराचा अर्ज करा. आम्ही मालकांनाच पत्र लिहून विचारतो.’ हे बरं झालं. मालक मोठे आहेत, ते बरोबर लिहितील.

पत्र ताईंना वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर निदान कपांपर्यंतच दाखव.

१६ मार्च

अगं,

मालकांनी लिहिलं.

मला ते रस्त्यातच भेटले. लांबूनच हात वर केला. ‘अहो, तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं! असं उत्तर धाडलंय की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. लिहिलं, हा माणूस म्हणजे कारखान्याचा पाया. याला घालवायचा विचार माझ्या स्वप्नातही येणार नाही. मी तीनदा थांबा म्हणालो, पण मानी माणूस, थांबला नाही.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ते इतक्या आनंदात होते की मी म्हणालो, ‘फार उपकार झाले, मालक.’

‘उपकार कसले! आणखी एक प्रत काढून ठेवलीय, लागली तर सांगा.’

वार्निशवाल्याला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. ‘अरे तू मूर्ख आहेस की मालक?’ मी म्हणालो, मालकांना असं म्हणू नये. तो म्हणाला, ‘मग तूच.’

खिडकीवरच्या मुलीनं मालकांचं पत्र मला वाचून दाखवलं. वाचताना तिचाच आवाज बारीक झाला. ‘काका, इतकं सुंदर पत्र मी या कार्यालयात वाचलेलं नाही. पण याच्यामुळं तुमचं संपलंच असतं. नशीब की शेवटची सुनावणी असते.’ अधिकारी बाई दोघांनाही समोर बसवून विचारणार आहेत. तिथं जे ठरेल ते ठरेल. खोल्यांच्या मालकांना मी महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं आहे. ते एकदाच म्हणालो, त्यांनी ऐकलं.

सुनावणीपर्यंत काम शोधत राहायचं असतं, नाहीतर तेही कारण होतं. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दारात अ‍ॅल्युमिनियमची शिडी उभी होती. तिच्याकडे पाहून हात शिवशिवले, चढलो आणि तिसऱ्या पायरीवर उड्या मारल्या. दुकानदार धावत आला.

‘आजोबा, उतरा खाली! पडाल!’

‘मी पडत नाही. पडलीच तर शिडी पडेल.’

‘घ्यायची आहे का?’

‘नाही. नोकरी पाहिजे.’

तो इतका घाबरला की त्यानं मला पाणी दिलं. नोकरी नाही दिली. पण गिऱ्हाइकं जमली होती, आणि दोन शिड्या तिथंच विकल्या गेल्या. बाहेर पडताना मी शीळ घालत होतो. मला शीळ येते हे मी विसरलो होतो.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘खरं काय ते लिहा’ एवढंच. खरंच तर लिहितो आहे ना? तू कार्डावर पत्ता लिहिताना आपला दार क्रमांक चुकवलास. पोस्टमन चांगला म्हणून आलं. पुढच्या वेळी काळजी घे.

२९ मार्च

अगं, बसून वाच.

काल सुनावणी झाली. मी दोन तास आधी गेलो. वेटर आणि क्रेनबाई दोघंही आले होते, त्यांचं काही काम नव्हतं. वेटर म्हणाला, ‘काका, हे मी चुकवणार नाही.’

खोली लहान. एक टेबल, पाण्याचा जग, आणि अधिकारी बाई. वयानं आपल्या मुलीएवढी, आपल्याला मुलगी असती तर. मालक कोट घालून आले होते. मला बघून उठून उभे राहिले, म्हणून मीही उठलो, मग ते बसेनात आणि मी बसेना. बाई म्हणाल्या, ‘दोघंही बसा.’

मग त्यांनी मालकांना विचारलं, ‘यांना तुम्ही कामावरून काढलं का?’

‘छे छे! यांना कोण काढेल?’

‘मग हे गेले कसे?’

‘ते म्हणाले, मी निघतो. मी म्हणालो, अहो थांबा. तीनदा.’

‘तीनदाच का?’

‘चौथ्यांदा म्हणायची रीत नाही.’

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुम्हाला जायचं होतं का?’

अगं, मला सांगायचं होतं. पण मी म्हणालो, ‘मालकांनी स्वतः चहा आणला होता.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. डोळे मिटले. मग उघडले आणि मालकांना म्हणाल्या, ‘एवढं जर प्रेम आहे, तर आज माझ्यासमोर चौथ्यांदा म्हणा.’

मालक गडबडले. पण भला माणूस, नाही कसं म्हणेल? माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, ‘अहो, थांबा की. या परत.’

मला आता ‘नको’ म्हणायचं होतं. चाळीस वर्षांच्या रीतीप्रमाणं तेच येतं. पण मालक ‘या’ म्हणाले की मी जातो, हीसुद्धा चाळीस वर्षांची सवय. आणि मला एकदम तू आठवलीस, सुनेच्या स्वयंपाकघरात कडेला उभी राहिलेली.

मी म्हणालो, ‘बरं. येतो. उद्या आठ वाजता.’

मालकांनी कोटाचं बटण सोडलं.

‘उद्या?’ मालक म्हणाले.

‘उद्या.’

‘उद्या म्हणजे… उद्या तर… तिथं आता…’

बाईंनी हळूच पेन उचललं. ‘तिथं आता काय?’

‘तिथं आता अ‍ॅल्युमिनियमच्या येतात. तयार. बाहेरूनच तपासून येतात. यांचा बाकसुद्धा हलवला मी.’

‘मग यांना परत कामावर कसं घेताय?’

‘घेत नाहीये हो!’

‘मग?’

मालकांचा चेहरा कापलेल्या बिटासारखा लाल झाला. ते उभे राहिले. त्यांनी टेबल धरलं. ‘काढलं! मी काढलं यांना! काम नव्हतं आणि मी काढलं! आमच्या घराण्यात पहिल्यांदा म्हणतोय. काढलं!’

आणि धपकन बसले. बाईंनी त्यांना स्वतःच्या हातानं पाणी ओतून दिलं आणि मग सगळं लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे खांदे हलत होते. दाराबाहेरून वेटरचा आवाज येत होता, त्याला क्रेनबाईनं धरून ठेवलं होतं.

मला वाटलं होतं मालक माझं तोंड बघणार नाहीत. पण जिन्यावर आले ते फुलासारखे हलके होऊन. ‘काढलं तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘बघा, म्हणता येतं! काढलं!’ एका पायरीवर एकदा म्हणत खाली उतरले. ‘आमच्या वडिलांना जन्मात जमलं नसतं.’ मग म्हणाले, चला, चहा घेऊ. मला टपरीपाशी बाकावर बसवलं आणि स्वतः दोन कप घेऊन आले.

कप बघून मी ताडकन उभा राहिलो. ‘मालक, आता कुठून काढताय?’

अगं, मालक इतके हसले की दोन्ही कप सांडले. चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी थट्टा केली नव्हती. मला कुठं ठाऊक होतं की ते हसतात!

निकाल पोस्टानं येणार आहे. वाटेत हरवला नाही म्हणजे मिळवलं.

६ एप्रिल

माझे आई,

निकाल आपल्या बाजूनं आला, भत्त्याचे मागचेही सगळे हप्ते मिळून आले. सकाळीच खोल्यांच्या मालकांकडे जाऊन आलो.

आणि त्याच टपालात तुझं पत्र. मला वाटलं तू खूश होऊन लिहिलं असशील. तू लिहिलंस:

‘मालक बोलले, बाईंनी लिहून घेतलं, वेटर हसला. सगळ्यांचं झालं. तुमचं राहिलं. पाच पत्रं लिहिलीत. त्यात तुम्ही निघालात, उठलात, तुमचं काम संपलं, मालकांनी चहा आणला. मी ताईला वाचून दाखवते आणि ताई दर वेळी विचारते, अगं पण ह्यांना झालं काय? मी तिला काय सांगू? मला तुमची नोकरी नको होती. मला विचारलं नाही याचा राग होता. विचारण्यासारखं तुमच्या हातात काही नव्हतंच, तर मग मी एवढे दिवस कुणावर रागावले? तुमच्या अक्षरात लिहून धाडा. मग बघते.’

मी ते चारदा वाचलं. मग पेन घेतलं, मग नळ बघून आलो, मग खिडकी लावली, मग उघडली. बाहेर तो म्हातारा त्याच कुत्र्याशी भांडत होता. आज तो जिंकेल असं वाटत होतं.

लिहितो.

मला कामावरून काढलं.

मालकांनी विचारलं गुडघे कसे आहेत, आणि मला सांगायचं होतं की उत्तम आहेत, अजून दहा वर्षं उड्या मारीन. पण तसं म्हणत नाहीत. बाक वाजत होते, मी ताठ मानेनं बाहेर आलो, आणि आपल्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो. वर तुझा रेडिओ चालू होता. तू गात होतीस, बेसूर, नेहमीसारखी. मला वाटलं, हिला सांगितलं की हिचं गाणं थांबेल. म्हणून वर येऊन मी म्हणालो, मी सोडली. आणि गाणं तरीही थांबलं.

मला काढलं. बघ, दुसऱ्यांदा लिहिलं. मालक पायऱ्या उतरताना इतके हलके का झाले ते आत्ता कळतंय. मला काढलं, ताईंनाही दाखव. खालच्या शिंप्यालाही आत्ता जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘एवढंच होतं होय? मला वाटलं पुन्हा छत बघायला आलात,’ आणि त्यानं मला आत बसवलं.

तेव्हा आता ये. कुठल्या गाडीनं ते कळव. बॅगेची चेन नीट लागते का ते निघण्याआधी पाहा, आणि खिडकीतून हात बाहेर काढू नकोस. मी स्टेशनवर असेन, बहुतेक फारच आधी. रागवायचं राहिलं असेल तर इथं येऊन रागव. भाडं भरलेलं आहे.